मॅडम, पोरीची मेमरी वीक आहे का?

माझं छोटं समुपदेशनाचं ऑफिस नाशिकला कॉलेज रोडच्या आतल्या गल्लीत आहे आणि तिथे येणाऱ्या पालकांचा एक ठरलेला प्रश्न असतो, पोरं इंग्लिशचे शब्द पाठ करतात पण राहतच नाहीत, मेमरी वीक असेल का, काही टॉनिक, काही टेस्ट? दिंडोरीकडच्या एका द्राक्ष बागायतदाराने पण हेच विचारलं होतं, त्यांच्या मुलीची गोष्ट सांगते (ओळखीच्या खुणा बदलल्यात, आणि तिला विचारूनच लिहितेय).

मुलगी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, दहावीपर्यंत मराठी मीडियम, बँकेच्या परीक्षांसाठी क्लास लावलेला. सकाळच्या एसटीने सीबीएसला (मुख्य बसस्टँडला) उतरायचं आणि बसमध्येही मांडीवर वही उघडी. रोज पन्नास शब्द. महिन्याला पंधराशे व्हायला हवेत, तिच्या म्हणण्यानुसार डोक्यात दीडशे पण नव्हते. वडील म्हणाले, "मॅडम, हिच्या डोक्याचा स्कॅन वगैरे करून घ्यायचा का?" ती शेजारी बसून नखं कुरतडत होती.

आता कबूल करते, पहिली दोन सेशन मी वायाच घालवली. मला वाटलं परीक्षेची भीती आहे, श्वासाचे व्यायाम दिले, झोपेचं टाइमटेबल करून दिलं, ती शहाण्यासारखी सगळं करून आली आणि शब्द होते तिथेच. तिसऱ्या वेळी म्हटलं, आण बाई ती वही.

वहीत सगळं एबीसीडीच्या क्रमाने, एका पानावर एकाखाली एक ॲडॅप्ट, ॲडेप्ट, ॲडॉप्ट. जुळवून घेणं, तरबेज, दत्तक घेणं. स्पेलिंगमध्ये मधलं एकच अक्षर बदलतं आणि हिने तिन्ही एकाच दिवशी, एकाच पेनाने, एकाच पानावर घोकलेले. पुढच्या पानांवर एमिनंट म्हणजे नामवंत आणि इमिनंट म्हणजे अगदी तोंडावर येऊन ठेपलेलं. मी विचारलं ॲडॉप्ट म्हणजे काय, तर म्हणाली, "तरबेज... नाही, जुळवून... मॅडम बघा, गेलंच."

मग मी सहज विचारलं घरी सध्या काय चाललंय, तर पोरगी सुटलीच! द्राक्षाच्या गोड्या छाटणीनंतर (फळासाठीची छाटणी) कितव्या दिवशी काय, डाऊनी रोगाला काय मारायचं, भुरीला काय, घडांची विरळणी म्हणजे थिनिंग कधी, जीएच्या (वाढीच्या संप्रेरकाच्या) द्रावणात घड बुडवायचे कधी, औषधांची ती अवघड इंग्रजी नावं प्रमाणासकट न अडखळता. मी वडलांकडे बघितलं, ते हसायला लागले. स्कॅनचा विषय तिथेच संपला.

एबिंगहाउस नावाचा एक जर्मन मानसशास्त्रज्ञ होता, त्याने 1885 साली स्वतःच्याच विसरण्यावर केलेले प्रयोग छापले. त्यासाठी त्याने मुद्दाम काहीच अर्थ नसलेली अक्षरांची जोडणी पाठ केली, कारण अर्थ आला की लक्षात राहणं सोपं होतं आणि त्याला तेच नको होतं. पहिल्या काही तासांतच बरंचसं उडून जातं हे त्याला दिसलं, आणि एका बैठकीत घोकण्यापेक्षा दिवस वाटून केलं तर कमी कष्टात बसतं हेही. आपली पोरगी चांगल्या अर्थाच्या शब्दांचं नेमकं तेच करत होती, अर्थ काढून टाकायचा आणि नुसती अक्षरं घोकायची, वर पन्नास एकाच दिवशी.

तर आम्ही वही उलटी केली. सारख्या अक्षरांचे शब्द एकत्र ठेवायचेच, पण ज्यांचं गोत्र एक आहे असेच. पहिलं घेतलं स्पेक्ट, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ बघणं. इन्स्पेक्ट म्हणजे आत बघणं, रिस्पेक्ट म्हणजे पुन्हा वळून बघणं, सस्पेक्ट म्हणजे खालून, तिरक्या नजरेने बघणं, म्हणून संशय. एक्स्पेक्ट म्हणजे बाहेर बघत राहणं. इथे ती थांबली आणि म्हणाली, आपण पण वाट 'बघतो'च ना. मला इतका आनंद झाला की काय सांगू! कारण ही युक्ती इंग्लिशची नाहीच, मराठी मीडियमच्या मुलांकडे ती आधीपासून असते, फक्त कोणी सांगितलेलं नसतं. संस्कृतात ईक्ष् म्हणजे पाहणं. अपेक्षा, परीक्षा, निरीक्षण, उपेक्षा, प्रतीक्षा, प्रेक्षक, सगळे त्याच घरातले. एक्स्पेक्टला अपेक्षा, इन्स्पेक्टला निरीक्षण, स्पेक्टेटरला प्रेक्षक, जोड्या आपोआप लागत गेल्या. (आणि गंमत म्हणजे आपला 'स्पष्ट' हा ज्या धातूवरून आला त्याचाही अर्थ बघणंच, आणि तो या लॅटिन स्पेक्टचा लांबचा भाऊच लागतो.)

दुसरं घर तिनेच शोधलं, पोर्ट म्हणजे वाहून नेणं. घरात द्राक्षं असल्यावर एक्स्पोर्ट शिकवायला लागत नाही! ट्रान्स्पोर्ट, इम्पोर्ट, पोर्टर, आणि सपोर्ट म्हणजे खालून उचलून धरणं, मांडवासारखं. पण पुढच्या आठवड्यात यादीत 'पोर्शन'पण बसवून आली. पोर्शन म्हणजे वाटा, त्याचा वाहून नेण्याशी काही संबंध नाही, अक्षरं फसवतात. म्हणून नियम केला, घरात नवा माणूस घ्यायचा तर आधी डिक्शनरीत त्याचं मूळ बघायचं.

रप्ट म्हणजे मोडणं हे बँकवालीला फारच आवडलं. इंटरप्ट म्हणजे मध्येच मोडणं, आणि बँकरप्ट हा शब्द इटालियनमधल्या 'मोडलेला बाक' वरून आलाय, सावकाराचा बाक.

धाकट्या भावासाठी एसएनचे शब्द दिले, स्नीझ शिंकणं, स्नोअर घोरणं, स्निफ हुंगणं, स्नाउट म्हणजे जनावराचं पुढे आलेलं नाक. सगळं नाकाचं. स्नेक आणि स्नो यात बसत नाहीत, असू देत. मराठीत पण शिंक, शिंकरणं, शेंबूड बघा की!

आणि जे दिसायला सारखे पण नात्याचे नाहीत त्यांना एका दिवशी भेटवायचंच नाही. ॲडॉप्ट आधी पक्का, आठवडाभर, स्वतःच्या वाक्यात, मगच ॲडॅप्ट. रोज पन्नासऐवजी बारा, आणि दुसऱ्या, चौथ्या, आठव्या दिवशी वही झाकून आठवून बघायचं. नुसतं परत वाचलं की आल्यासारखं वाटतं, येत मात्र नाही.

एक सांगून ठेवते, मूल मराठी वाचतानाही लहानपणापासून अडखळत असेल, अक्षरं गाळत किंवा उलटसुलट करत असेल तर मात्र हे घरगुती उपाय करत बसू नका, रीतसर तपासणी करून घ्या. तो विषय वेगळा.

हिच्या वहीत आता शब्द कमी आहेत आणि मार्जिनमध्ये मराठी जास्त. क्लासच्या टेस्टमध्ये इंग्लिशचे मार्क वर आलेत, रीझनिंगचे खाली गेलेत, ते आता बघू. अफेक्ट आणि इफेक्ट मात्र अजून अडतंय. मलाही अधूनमधून अडतं, खरं सांगायचं तर. ते पान आम्ही दोघींनी स्टेपल करून टाकलंय, बागेतला द्राक्षांचा खुडा संपला की उघडणार आहोत.