आशाके नाव ठेवताय? मग अर्थाच्या आधी स्पेलिंग ठरवा

तुमचा प्रश्न वाचला आणि लिहिल्याशिवाय राहवेना. योरुबा (नायजेरियातला एक मोठा समाज) सासूबाईंनी बाळासाठी आशाके सुचवलंय, प्रत्येक साइटवर अर्थ वेगळा, एक मैत्रीण म्हणते हे तर मुलाचं नाव, आणि लोकप्रिय नावांच्या यादीत ते सापडतच नाही, म्हणून तुम्ही गोंधळलाय. आमच्या लेकीचं नाव हेच आहे. नवरा नायजेरियातल्या अबेओकुटाचा, मी साताऱ्याची, राहतो लंडनला, त्यामुळे यातल्या जवळपास सगळ्यातून आम्ही गेलोय. आशाके ही ओरिकी, म्हणजे लाडाचं, स्तुतीचं नाव, एवढं घरच्यांनी सांगितलं असेलच, त्यात शिरत नाही.

अर्थ सरळ आहे. 'शा' म्हणजे वेचणं, निवडून घेणं आणि 'के' म्हणजे लाड करणं, जपणं. वेचून घेतलेली, लाडात ठेवायची अशी ती. 'राजकन्या' आणि 'देवाने निवडलेली' हे साइटवाल्यांनी पदरचं घातलंय. देव यायचा तर नावात ओलू किंवा ओलुवा असतं, राजघराण्याच्या नावांत बहुतेक 'अदे', म्हणजे मुकुट, असतं. मुलींच्या ओरिकीत हा शेवटचा 'के' सारखा भेटतो, आदुके, आजोके, आबेके, आयिंके. आबेनी म्हणजे विनवण्या करून मिळालेली, आपल्याकडे नवसाची म्हणतो तशी. आणि ज्या घरात मुलं जगत नाहीत तिथे 'मालोमो', म्हणजे आता परत जाऊ नकोस, असं नाव ठेवायची पद्धत होती, हे कळलं तेव्हा मला आपले धोंडू-दगडू आठवले आणि सासूबाईंना ते सांगितल्यावर त्या कितीतरी वेळ त्यावरच बोलत होत्या.

मुलाचं नाव अजिबात नाही. तुमच्या मैत्रिणीच्या डोक्यात आशाके नावाने गाणारा तो नायजेरियन गायक आहे, त्याचं खरं नाव अहमद ओलोलादे, आणि आशाके हे त्याच्या आईचं नाव, ते त्याने स्टेजसाठी घेतलं. २०२२ पासून तो इतका गाजलाय की नाव शोधलं की पानभर तोच येतो. मुलग्यांच्या ओरिकी वेगळ्या, आजानी, आकान्नी, आयिन्ला वगैरे.

आता पॉप्युलॅरिटी. त्या साइटवरचे आकडे बहुतेक करून इंग्लंड-वेल्स नाहीतर अमेरिकेच्या सरकारी यादीतून उचललेले असतात. इंग्लंड-वेल्सच्या यादीत एखाद्या वर्षी किमान ३ बाळांना दिलेलंच नाव दिसतं, अमेरिकेत ५. नायजेरियातल्या मुली त्यात येतच नाहीत. शिवाय ओरिकी पुष्कळ घरांत कागदावर चढतच नाही, कागदावर दुसरंच काही असतं आणि आशाके आजीच्या तोंडात असतं. म्हणजे यादीत नाही याचा अर्थ कोणी ठेवत नाही असा होत नाही. जुन्या पिढीतल्या बायकांत हे नाव तुम्हाला भेटेल, नव्या मुलींच्या कागदांवर कमी. रँक बघून नाव ठरवू नका, एवढंच म्हणेन.

खरा त्रास पुढे आहे आणि त्याबद्दल कोणीच लिहीत नाही. योरुबा लिहिताना यातल्या 'एस'खाली टिंब असतं, त्या टिंबामुळे त्याचा 'श' होतो. 'ई'खालीही एक टिंब, तो 'के' जरा उघड्या तोंडाचा आहे म्हणून. वर सुरांच्या खुणा. पासपोर्टच्या खालच्या त्या मशीनच्या दोन ओळींत नावासाठी फक्त ए ते झेड चालतं, टिंब नाही, खुणा नाहीत, काही नाही. मग उरतं ए-एस-ए-के-ई आणि इंग्रज माणूस ते 'असेक' वाचतो. म्हणून काही जण मध्ये 'एच' घालतात. दोन्ही चालतं, पण दोन्ही एकत्र चालत नाही!

आमच्याकडे जन्मदाखला आणि पासपोर्ट दोन्हीवर एच नव्हता. मग एका कागदासाठी एका कचेरीत गेलो, कुठली ते लिहीत नाही. फॉर्मवर कॅपिटल अक्षरात नाव लिहिलेलं, पासपोर्ट समोर ठेवलेला, तरी काउंटरवरच्या माणसाने मला नाव मोठ्याने म्हणायला लावलं आणि ऐकलं तसं टाइप केलं, एच घालून. कागद घरी पोस्टाने आला तेव्हा कळलं. परत गेलो तर म्हणे उच्चाराप्रमाणे बरोबरच आहे, काय फरक पडतो. फरक पडत नाही तर दुरुस्त करून द्या ना! तर त्यासाठी दोन्ही स्पेलिंगची मुलगी एकच आहे याचा पुरावा हवा, आणि पुरावा म्हणून असा कागद हवा ज्यावर दोन्ही स्पेलिंग आहेत. असा कागद जगात कोण देणार? प्रतिज्ञापत्र नेलं तर ते त्यांच्या नमुन्यात नाही, नमुना मागितला तर नमुना ठेवत नाही. फोन उचलत नाहीत, ईमेलला ते ठरलेलं उत्तर येतं. शेवटी दुसऱ्याच एका बाईंनी फाइल उघडली आणि उभ्या उभ्या दुरुस्त करून दिलं, म्हणजे ते होण्यासारखंच होतं. तोपर्यंत डिसेंबरची लागोसची तिकिटं वाया गेली होती. पैशाचं सोडा. हे नाव नवऱ्याच्या आजीने ठेवलेलं, ती अबेओकुटात वाट बघत बसली होती, आणि पुढच्या पावसाळ्याच्या आत ती गेली. लेकीला तिने फक्त फोनच्या स्क्रीनवर पाहिलं. त्या काउंटरवरच्या माणसाला हे कधी कळणार नाही आणि माझा राग अजून गेलेला नाही.

म्हणून पहिला कागद करायच्या आधी रोमन स्पेलिंग एकच ठरवा, घरातल्या सगळ्यांना, नायजेरियातल्या नातेवाइकांनाही, लिहून पाठवा, आणि कुठल्याही काउंटरवर नाव तोंडी सांगूच नका, पासपोर्ट पुढे सरकवा आणि स्क्रीन दाखवायला सांगा. पुढे भारताचं ओसीआय (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं कार्ड) काढणार असाल तर तिथे नाव पासपोर्टशी तंतोतंत जुळावं लागतं. बाळ इंग्लंडमध्ये होणार असेल तर नोंदणी ४२ दिवसांत करायची असते, आणि नोंदणीनंतर १२ महिन्यांत पहिलं नाव बदलायची किंवा वाढवायची सोय आहे, पण तिच्यावर विसंबू नका. मी वकील नाही, नियम बदलतात, तुमच्या इथले स्वतः तपासा.

एच घालावा की नाही? माझं मत, घालू नये. त्या गायकामुळे आता बिनएचचं स्पेलिंग लोकांच्या डोळ्यांना सवयीचं झालंय. गायिका शादेचंच बघा, नायजेरियातल्या इबादानला जन्मलेली, फोलाशादेचं शादे झालं, स्पेलिंगमध्ये एच नाही आणि तरी जग तिला 'श'नेच ओळखतं. तुमच्या नवऱ्याला पटत नसेल तर वाद घालू नका, एच घाला, पण मग सगळीकडे घाला.

उच्चाराचं म्हणाल तर योरुबात सूर चुकला की शब्दच बदलतो. तिथे मुलांना सूर शिकवताना डो-रे-मी वापरतात, मी घरी सा-रे-ग वापरते. आशाके म्हणजे सा-सा-ग, पहिले दोन खाली आणि 'के' वर. माझ्या आईने पहिल्याच दिवशी त्याची आशा करून टाकली आणि साताऱ्यात ती आता आशाच आहे, तिथे मी काही बोलत नाही. पण शाळेत आणि घरात पूर्ण नावच. उच्चारासाठी योरुबानेमची साइट चांगली आहे, सुरांच्या खुणांसकट नावं दिलेली असतात. त्याहून चांगलं म्हणजे सासूबाईंच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवा. ओरिकी नुसती हाक नसते, आमच्या सासूबाई सकाळी फोनवर आशाके म्हणतात आणि त्याला जोडून घराण्याच्या स्तुतीच्या ओळी म्हणत जातात, लेक तोपर्यंत गुडघे टेकून ऐकते, आणि उठते ती मान ताठ करूनच. ऐकणाऱ्याचं डोकं अभिमानाने फुगतं असं ते लोक म्हणतात ते अगदी खरं आहे.

काही योरुबा मंडळी सांगतील की ओरिकी मोठ्यांनी लहानांना हाक मारायची गोष्ट, ती शाळेच्या हजेरीत कशाला. त्यांचं चुकत नाही. पण परदेशात जे कागदावर नाही ते पुढच्या पिढीत उरत नाही असं मला वाटतं, म्हणून निदान मधलं नाव म्हणून तरी नोंदवाच. पहिलं मराठी ठेवायचं तर खुशाल ठेवा. आमच्याकडे आठव्या दिवशी त्यांचा नामकरणविधी आणि बाराव्या दिवशी बारसं, दोन्ही केलं, आणि त्यांच्याकडे प्रत्येक ज्येष्ठ माणूस पाण्याच्या भांड्यात पैसे टाकून आपलं एक नाव देतो, त्यामुळे नावं भरपूर जमतात, कोणी रुसत नाही.

आणि हो, त्या विधीत मध, मीठ, पाणी, कोला नट, पाम तेल असं एकेक बाळाच्या ओठाला लावतात. मध लावू देऊ नका. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोट्युलिझम (जिवावर बेतू शकणारी विषबाधा) होऊ शकतो, डॉक्टर स्पष्ट नाही म्हणतात, आणि आपल्याकडच्या चाटणालाही तेच लागू. ज्येष्ठांना आधीच सांगून ठेवलं तर ते मध तुमच्या ओठाला लावतात, आमच्याकडे तसंच केलं आणि कोणाला वाईट वाटलं नाही.

स्पेलिंगवर नवऱ्याशी बोलून झालं की इथेच लिहा, पासपोर्टच्या फॉर्मचं काही अडलं तर मी बघते.