बसच्या यादीतून कापलेलं नाव

पोरी,

तुझ्या पत्रात यूएफाच्या, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाच्या, दंडावर चार पानं आहेत आणि बसच्या यादीतून ज्याचं नाव कापलं त्या माणसावर चार ओळी. मी उत्तर देणार आहे ते त्या चार ओळींना.

तो म्हणाला, मैदानात पॅलेस्टाइनचे झेंडे नकोत, मला फुटबॉल बघायचाय. तुमच्या चाहतेमंडळात सगळ्यांनी हात वर केले, तूही केलास, आणि बाहेरगावच्या पुढच्या सामन्याच्या बसमधून त्याची जागा गेली. मग त्याच आठवड्यात आपल्या सेल्टिक क्लबने तुमच्या स्टँडमधल्या काही जणांना बॅनरवरून बंदी केली, तेव्हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या नावाने तू घसा बसेपर्यंत ओरडलीस. आणि आता मला विचारतेस, ‘मावशी, हे दोन्ही एकच आहे का?’

हो, एकच आहे. तुलाही ते माहीत आहे, नाहीतर त्या चार ओळी लिहिल्याच नसत्यास.

पॅलेस्टाइनबद्दल मला समजावू नकोस, मीही तुला समजावणार नाही. त्या प्रश्नावर आपण दोघी एकाच बाजूला आहोत, म्हणून तर एवढं कडक लिहितेय. समोरच्या बाजूच्या कुणाला मी एवढा वेळ दिला नसता.

यूएफाचं माप वाकडं आहे, हे तू चार पानं खर्चून सिद्ध केलंस. मान्य, कधीचंच मान्य आहे. सामन्याला न शोभणारा राजकीय, धार्मिक किंवा चिथावणीखोर संदेश नको, असा त्यांचा नियम. त्याच्या आधारे बार्सिलोनाच्या चाहत्यांनी 2015 च्या बर्लिनमधल्या अंतिम सामन्यात कॅटलोनियाच्या स्वातंत्र्याचे झेंडे आणले म्हणून क्लबला दंड. 2016 मध्ये इस्रायलच्या हपोएल बेएर शेवाविरुद्ध आपल्या स्टँडमध्ये पॅलेस्टाइनचे झेंडे फडकले म्हणून सेल्टिकला दंड. 2022 मध्ये मात्र युरोपभर मैदानं युक्रेनच्या रंगांनी भरली तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते. त्यावर कडी म्हणजे ऑगस्ट 2025 मध्ये उदिनेला सुपर कपच्या आधी यूएफाने स्वतःच मैदानावर बॅनर अंथरला, मुलांना मारणं थांबवा म्हणून. कुणाची मुलं, कोण मारतंय, याचा त्यात पत्ता नाही. हे सगळं मला पाठ आहे गं. पण यूएफाचं माप वाकडं आहे म्हणून तुझं सरळ आहे असं होत नाही.

आमच्या घरी आजी म्हणायची, आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. ग्लासगोत येऊन मी त्या म्हणीचा खरा अर्थ शिकले. या शहरात अर्धे लोक एका बाब्याचे आहेत, सेल्टिकचे, आणि अर्धे दुसऱ्याचे, रेंजर्सचे. म्हणून तुला एकच गोष्ट सांगते, आणि पत्र संपेपर्यंत तीच सांगत राहणार आहे, कंटाळलीस तरी. माप एकच ठेव. कुणाला गप्प करण्यासाठी हात वर करण्याआधी ते वाक्य कागदावर लिही, त्यातलं ‘सेल्टिक’ खोड, तिथे ‘रेंजर्स’ लिही आणि परत वाच. तरीही पटलं तर खुशाल हात वर कर.

करून बघू? 14 सप्टेंबर 2022. राणी एलिझाबेथ जाऊन आठवडाही झाला नव्हता. वॉर्सात युक्रेनच्या शाख्तारविरुद्ध आपल्या लोकांनी राजसत्तेला शिवी देणारा बॅनर लावला आणि यूएफाने क्लबला दंड ठोकला. त्याच संध्याकाळी इकडे आपल्या आयब्रॉक्स मैदानावर नापोलीविरुद्धच्या सामन्याआधी रेंजर्सने ब्रिटिश राष्ट्रगीत वाजवलं, यूएफाने नको म्हटलेलं असताना. त्यांच्यावर कारवाई झाली नाही. आता सांग, यातलं काय चालावं? माझं उत्तर तेव्हाही हेच होतं: दोन्ही. बॅनर मला भिकार वाटला, माणूस जमिनीत जायच्या आधी शिवी देण्यात कसली मर्दुमकी? पण भिकार असणं हा गुन्हा नाही. आणि राणीसाठी रडणाऱ्याला त्याच्या मैदानावर रडू दे की.

हे मी माझ्या शेजारच्या सीटवरच्या माणसाला बोलले. शाळेत शिपाई होता, आता निवृत्त. कितीतरी हंगाम आम्ही शेजारी बसलो. 1967 मध्ये लिस्बनला युरोपियन कप जिंकणाऱ्या आपल्या संघातले अकराच्या अकरा जण पार्कहेडपासून, म्हणजे आपल्या मैदानापासून, तीस मैलांच्या आत जन्मले, हे मला पहिल्यांदा त्याने सांगितलं. गोल झाला की माझ्या पाठीवर असा रट्टा द्यायचा की चष्मा खाली. तो बॅनरवर खूश होता आणि राष्ट्रगीतावर भडकला होता. मी म्हटलं, दोन मापं झाली. तो म्हणाला, तू इथे जन्मली नाहीस, तुला हे कळणार नाही. मी म्हटलं, इथे जन्मला नाहीस म्हणून गप्प बस, हे तुझ्या आयरिश आजोबांनाही याच शहरात ऐकावं लागलं असेल. पुढच्या हंगामात त्याने जागा बदलून घेतली.

माझी मुलगी म्हणते, आई, माफी माग. कशाची? चुकीचं काय बोलले? त्या माणसाची मला आठवण येते, सामन्याच्या दिवशी तर फारच येते, पण आठवण येते म्हणून माप बदलायचं का? हे मी तुला समजावतेय की स्वतःला, असं तुला वाटेल. वाटू दे. मात्र फरक बघ. त्याने जागा सोडली, मी त्याला उठवलं नाही. तुम्ही त्या माणसाला उठवलंत.

‘क्लब आपला आहे, इथे कोणती मूल्यं चालतील ते आपण ठरवणार,’ असं तू लिहिलंयस. क्लबची मूल्यं म्हणशील तर थोडा इतिहास ऐक, सामन्याच्या माहितीपत्रकात छापतात त्याहून जरा जास्त. 1887 मध्ये ब्रदर वॉलफ्रिडने हा क्लब काढला तो ग्लासगोच्या ईस्ट एंडमधल्या आयरिश कॅथलिक स्थलांतरितांच्या उपाशी पोरांना जेवण मिळावं म्हणून. एवढं तुला माहीत असेलच. 1952 चं माहीत आहे? स्कॉटिश फुटबॉल असोसिएशनने सेल्टिकला सांगितलं, मैदानावरचा आयरिश झेंडा उतरवा, नाहीतर स्पर्धेबाहेर व्हा. अध्यक्ष रॉबर्ट केली हटले नाहीत. आणि त्या भांडणात सेल्टिकच्या बाजूने मत कुणी दिलं? रेंजर्सने. सेल्टिक गेला तर तिकीटविक्रीचा पैसा बुडेल म्हणून दिलं, असं सगळे म्हणतात. असेल. मला त्यांचं मन तपासायचं नाही. झेंडा राहिला, आणि समोरच्याने त्याच्या बाजूने मत दिलं होतं, एवढं लक्षात ठेव.

आणि तो बसमधला माणूस म्हणतो ना, खेळात राजकारण नको, त्याला 1968 सांग. ओरडून नको, नीट सांग. ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले, सोबत हंगेरीचंही सैन्य होतं. युरोपियन कपच्या पहिल्याच फेरीत सेल्टिकची गाठ बुडापेस्टच्या फेरेन्त्सवारोशशी होती. याच केलींनी यूएफाकडे निषेध नोंदवला. यूएफाने सोडत पुन्हा काढली, पूर्व युरोप वेगळा, पश्चिम वेगळा, आणि पूर्वेकडच्या अनेक क्लबांनी चिडून माघार घेतली. म्हणजे युरोपियन सामन्यात राजकारण आणलं ते स्टँडमधल्या पोरांनी नव्हे, सूटबूट घातलेल्या अध्यक्षांनी. हे ऐकून तो माणूस बदलेल का? बहुतेक नाही. पण बसमध्ये बसला असेल तरच ऐकेल ना!

आता अवघड भाग. माप एकच म्हणजे काहीही चालेल असं नाही. रेंजर्सच्या काही स्टँडमधून कॅथलिकांच्या रक्तात गुडघाभर उभं राहण्याचं गाणं येतं. त्या पंथद्वेषापायी 2019 मध्ये यूएफाने आयब्रॉक्सचा एक भाग बंद ठेवायला लावला, तेव्हा मला वाईट वाटलं नाही. माणसाला त्याच्या जन्मावरून रक्ताची धमकी देणं हे मत नव्हे. पण मग तीच रेघ आपल्या दारातही ओढावी लागते. 2011 मध्ये फ्रान्सच्या रेनविरुद्ध आपल्या स्टँडमधून आयआरएची, म्हणजे आयर्लंडमधल्या सशस्त्र संघटनेची, गाणी आली, त्यालाही दंड झाला होता. बॉम्बस्फोटात ज्यांची माणसं गेली त्यांना ते गाणं कसं ऐकू येतं, हा प्रश्न तुमच्या टेबलावर कधी निघतो का?

आणि लीएल अबादा. 7 ऑक्टोबर 2023, किल्मारनॉकविरुद्धचा सामना. त्याच सकाळी इस्रायलमध्ये हत्याकांड झालं होतं, किती मेले याचा हिशोबही लागला नव्हता, आणि आपल्या स्टँडमध्ये ‘प्रतिकाराचा विजय असो’ असा बॅनर झळकला. आपल्याच जर्सीतला, आपल्यासाठी गोल केलेला, जेमतेम विशीतला इस्रायली पोरगा त्या वेळी संघात होता. मार्च 2024 मध्ये तो क्लब सोडून अमेरिकेत शार्लटला गेला. बॅनर लावणाऱ्यांना तुरुंगात टाका असं मी तेव्हाही म्हटलं नाही, आजही म्हणणार नाही. पण तो बॅनर मला लाजिरवाणा वाटला आणि मी तसं मोठ्याने बोलले. माप एकच ठेवलं की आपल्याच माणसांवर टीका करावी लागते. तुला वाटतं हा मवाळपणा आहे. बाई गं, शत्रूला शिव्या द्यायला काय लागतं?

त्याच महिन्यात, ऑक्टोबर 2023 च्या 25 तारखेला, अ‍ॅटलेटिको माद्रिदविरुद्ध, क्लबने नको म्हटलेलं असताना, पॅलेस्टाइनचे हजारो झेंडे फडकले. 17,500 युरो दंड झाला, ग्रीन ब्रिगेड या आपल्या स्टँडमधल्या चाहत्यांच्या गटाची सीझन तिकिटं काही आठवडे गोठवली गेली. त्या झेंड्यांबद्दल मला अभिमान वाटतो. एकाच महिन्यातल्या, एकाच स्टँडमधल्या दोन गोष्टींबद्दल माझी दोन मतं आहेत. तुझ्या मित्रमंडळात एवढी जागा आहे का?

तुला वॉर्सातलं एक उदाहरण देते, मुद्दाम अवघड. ऑगस्ट 2017 मध्ये तिथल्या लेगिया क्लबच्या चाहत्यांनी 1944 च्या उठावात जर्मनांनी मारलेल्या लोकांसाठी भलामोठा पडदा उभारला, एका मुलाच्या डोक्याला पिस्तूल लावलेला सैनिक. 35,000 युरो दंड झाला. त्यात अडवलेल्या जिन्यांचाही भाग होता, पण तिथल्या लोकांना तो आपल्या मेलेल्यांवर लावलेला दंडच वाटला. लेगियाच्या त्या स्टँडचं बाकीचं राजकारण तुला पाच मिनिटं सोसणार नाही, मलाही नाही. त्यांच्या बाजूने एक ओळ लिहिशील? मी तेव्हा लिहिली होती. त्यावरून मला काय काय ऐकावं लागलं ते सोड.

आणखी एक. स्कॉटलंडमध्ये 2012 पासून फुटबॉल चाहत्यांसाठी वेगळा कायदा होता, ‘आक्षेपार्ह वर्तना’चा. गाणं गायलं म्हणून पोरं कोर्टात उभी राहायची, आपली हिरवी आणि रेंजर्सची निळी, दोन्ही. 2018 मध्ये संसदेने तो रद्द केला, 62 विरुद्ध 60 मतांनी. तो फक्त आपल्यापुरता रद्द करा, असं म्हणून चाललं असतं का? तू आज स्टँडमध्ये बिनधास्त गातेस त्यामागे ती दोन मतं आहेत.

यूएफा, क्लब, पोलिस हे लांबचे. रोज गप्प करतो तो शेजारी. यूएफा दंड करते, तो भरता येतो. 2016 चा दंड फक्त 10,000 युरोंचा होता, चाहत्यांनी तेवढीच वर्गणी जमवायची म्हणून सुरुवात केली आणि 1,70,000 पौंडांच्या वर रक्कम गोळा झाली. ती पॅलेस्टिनी रुग्णांसाठी आणि बेथलेहेमच्या ऐदा छावणीतल्या मुलांसाठी गेली. पण बसच्या यादीतून नाव गेलेल्या माणसाने काय भरायचं, कुठे भरायचं? आपल्या महाराष्ट्रात वाळीत टाकण्याविरुद्ध 2016 मध्ये कायदा करावा लागला. तू कोल्हापूरची. पेठापेठांच्या ईर्ष्येत वाढलीस, शाहू स्टेडियमवर एका पेठेचा माणूस दुसऱ्या पेठेच्या घोळक्यात कसा अंग चोरून बसतो ते तू पाहिलंयस. तुला हे मी सांगायचं?

‘पण त्याच्यामुळे बाकीच्यांना अस्वस्थ वाटत होतं,’ असं लिहू नकोस मला. अगदी हेच वाक्य क्लबच्या पत्रात तुमच्याबद्दल होतं, तूच त्याचा फोटो पाठवलास. खोड आणि लिही, मी सांगितलं तसं.

आता व्यवहाराचं. तू विद्यार्थी व्हिसावर आहेस. तिकिटाच्या मागच्या बारीक अक्षरातल्या अटी वाच. मैदान क्लबच्या मालकीचं आहे, तिथून बाहेर काढण्याचा अधिकार त्यांना आहे, आणि ‘माझं स्वातंत्र्य’ म्हणत गेटवरच्या माणसाशी हुज्जत घालून काही मिळत नाही. तो तासावर पगार घेतो. झेंडा धर, तोंड झाकू नकोस, धूर सोडणाऱ्या पोरांपासून लांब उभी राहा. तोंड झाकून जे बोलावं लागतं ते बोलायच्या आधी दोनदा विचार कर.

सीझन तिकीट पुढच्या वर्षी घेऊ की सोडू, असं शेवटी विचारलंयस. सोडू नकोस. एकदा हातचं गेलं की प्रतीक्षायादीत किती वर्षं जातील सांगता येत नाही, आणि रागावून घरी बसलेल्या चाहत्याची क्लबला काही पडलेली नसते. पैसे कमी पडत असतील तर मी घालते, नंतर दे, नाही दिलेस तरी चालेल. पण आधी त्या माणसाला फोन कर. तुझ्या मंडळींना विचारून नको, त्यांच्या बैठकीत ठराव मांडून नको. तुझ्या स्वतःच्या फोनवरून, स्वतःचं नाव सांगून कर. तो शिव्या देईल कदाचित, त्या ऐकून घे. त्याचं नाव यादीत परत आल्याचं मला कळव, मग तिकिटाचे पैसे पाठवते. त्याच्याआधी पैशांचा विषय काढलास तर मी फोन उचलणार नाही.

तुझी,
मावशी