वाचकांचे प्रश्न : आवडते ठिकाण आणि तिथे नेणारी माणसे

गेल्या अंकात आम्ही वाचकांना आपापल्या आवडत्या ठिकाणाविषयी लिहायला सांगितले होते. पत्रे बहुतेक विदर्भातल्या खेड्यांतून आली आणि त्यांतल्या थोड्याच पत्रांत ‘कुठे जावे’ असा प्रश्न होता. पूर्वी जिथे गेलो तिथे पुन्हा जायचे आहे, पण सोबतचे माणूस थकले, रस्ता बदलला किंवा ते ठिकाणच उरले नाही, तेव्हा काय करावे, असे विचारणारी पत्रे अधिक होती. त्यांतल्या काही पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझे वडील ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या लग्नाचे वऱ्हाड शकुंतला गाडीने दारव्ह्याहून कारंज्याला गेले होते. ‘मला एकदा शकुंतलेत बसव’ एवढीच त्यांची इच्छा आहे. गाडी तर बंद पडली आहे. त्यांना काय दाखवू? (एक वाचक, दारव्हा तालुका)

उत्तर : गाडीत बसवणे तुमच्या हाती नाही, पण गाडी ज्या गावांवरून जात होती ती गावे जागेवर आहेत आणि ती कोणत्या क्रमाने यायची हे वडिलांना तोंडपाठ असणार. तेव्हा त्यांना दारव्हा-मोतीबागच्या स्टेशनावरून घेऊन निघा आणि कारंजामार्गे मूर्तिजापूरपर्यंत रस्त्याने जा. यवतमाळ ते मूर्तिजापूर हे अंतर सुमारे 110 किलोमीटरचे आहे. त्यातला तुमच्या वाट्याचा तुकडा मोटारीने दोन-अडीच तासांत सहज संपेल, पण तो तसा संपवू नका. ही गाडी ताशी वीस किलोमीटरच्या आसपास चालत असे आणि तिच्या प्रवाशांना शेतात कोणाची वेचणी सुरू आहे, कोणाच्या बांधावरच्या बोरी पिकल्या आहेत, हे सारे डब्यातून दिसत असे. वडिलांच्या आठवणीतला प्रवास त्या गतीचा आहे.

हा मार्ग वऱ्हाड प्रांतातला कापूस मुंबईकडे जावा म्हणून गेल्या शतकाच्या आरंभी एका इंग्रज कंपनीने टाकला. रूळ अरुंद, केवळ 762 मिलिमीटर अंतराचे. मूर्तिजापूरला मोठ्या लाइनीवरची गाडी मिळायची आणि तिथून दुसरा फाटा अचलपूरला जायचा. वाफेचे इंजिन या मार्गावर 1994 पर्यंत चालले. तिकिटे देण्यापासून इंजिन सोडण्या-जोडण्यापर्यंतची कामे गाडीवरचीच मोजकी माणसे करीत, त्यामुळे गार्ड आणि ड्रायव्हर वाटेवरच्या गावांना नात्यातल्या माणसांसारखे ओळखीचे होते. वडिलांना त्यांच्याविषयी अवश्य विचारा, कारण गाडीची लांबी-रुंदी कागदपत्रांत सापडेल, पण लग्नाच्या वऱ्हाडातल्या म्हाताऱ्या मावशीला चढता यावे म्हणून गाडी कोणी थांबवली, हे फक्त त्यांनाच सांगता येईल.

कारंज्याला पुरेसा वेळ ठेवा. वऱ्हाड तिथेच उतरले होते, तेव्हा जानोसा कुठे होता, वरात कोणत्या वेशीतून आत गेली, हे त्यांना स्वतःच्या बोटाने दाखवू द्या. जुन्या कारंजा शहराच्या वेशी हे त्या गावाचे मोठे वैभव आहे. नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान असलेले गुरुमंदिरही तिथेच आहे, त्यामुळे त्या दिवशी दर्शनही घडेल. तुमच्या आई असतील तर त्यांना घरी ठेवून जाऊ नका, कारण वडिलांनी सांगितलेले वऱ्हाड आणि आईंनी पाहिलेले वऱ्हाड सारखे असणार नाही, आणि दोन्ही ऐकण्यासारखी असतील. ऊन कोवळे असते तेव्हा, म्हणजे दिवाळीनंतर जावे. सोबत घडीची खुर्ची आणि पाण्याची बाटली ठेवावी. ओसाड पडलेल्या रुळांवर किंवा पुलांवर मात्र त्यांना चालवू नये. गवतात साप-विंचू असतात आणि लाकडी स्लीपर कुजलेले असतात.

प्रश्न : लग्नानंतर यजमानांनी मला पहिल्यांदा लोणारला नेले होते. ते आता नाहीत. नातू पुण्याहून येत आहेत आणि त्यांना लोणार दाखवावे असे फार वाटते, पण माझे गुडघे दुखतात आणि ‘खड्ड्यात साचलेले पाणी काय पाहायचे’ असे मुले म्हणतील अशी भीती वाटते. (एक आजी, मेहकर तालुका)

उत्तर : आजी, मुले तसे म्हणणार नाहीत, फक्त त्यांना काठावर उभे करण्याआधी एक गोष्ट सांगून ठेवा. आपल्या पायाखालचा काळा पाषाण ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा आहे आणि त्या पाषाणावर आकाशातून उल्का येऊन आदळली, तिने हे सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे विवर पाडले. लाव्ह्याच्या खडकात उल्केने केलेले आणि इतके चांगले टिकलेले विवर जगात विरळा आहे, म्हणून चंद्रावरची विवरे समजून घेऊ पाहणारे शास्त्रज्ञ तुमच्या मेहकरच्या शेजारी येतात. पुण्याच्या मुलांना एवढे पुरे आहे.

पाणी खारे आणि साबणासारखे क्षारयुक्त आहे, त्यामुळे त्यात नेहमीचे मासे जगत नसत. जून 2020 मध्ये ते गुलाबी झाले तेव्हा देशभर बातमी गाजली. खारटपणा वाढल्यावर फोफावणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला होता, असे पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत आढळले. त्याच वर्षी हे सरोवर जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आले. नातवंडांनी ती बातमी तेव्हा पाहिलेली असण्याचा संभव आहे. त्यांना आठवते का ते विचारून पाहा, म्हणजे बोलणे त्यांच्याकडून सुरू होईल.

तुम्ही खाली उतरू नका. मुलांना एखाद्या जाणत्या वाटाड्याबरोबर सकाळी लवकर पाठवा. काठावरचे कमळजा देवीचे देऊळ पाहायचे असेल तर पाणी किती चढले आहे हे आधी वर विचारून घ्या, कारण पाणी वाढले की ती वाट बंद होते. तोवर तुम्ही गोमुखाच्या धारेपाशी बसा. सरोवर खारे आणि त्याच्याच कडेला बाराही महिने वाहणारी ही गोड्या पाण्याची धार, हे मला लोणारचे सर्वांत मोठे नवल वाटते. यजमानांनी तुम्हाला बहुधा इथे नेले असेलच, कारण नवी जोडपी इथे हातपाय धुऊन मगच पुढे जात. मुले वर आली की सर्वांनी मिळून गावातले दैत्यसूदन मंदिर पाहावे. त्याच्या बाहेरच्या भिंती मूर्तींनी भरलेल्या आहेत, पण खरी गंमत आत आहे : आत गेल्यावर अंधारात डोळे सरावेपर्यंत थांबायचे, मग छतावरचे कोरीव काम हळूहळू दिसू लागते. मे महिन्याच्या मध्यावर काही दिवस सूर्याची किरणे थेट मूर्तीपर्यंत पोचतात. सुट्टी नेमकी तेव्हाची असेल तर उन्हाचा त्रास सोसूनही जावे असे मी म्हणेन, मात्र तुम्ही दुपारी सावलीतच राहावे.

यजमान तेव्हा काय बोलले होते ते मुलांना सांगायला संकोचू नका. आजोबा एकेकाळी तरुण होते, हे नातवंडांना अशाच ठिकाणी पहिल्यांदा कळते.

प्रश्न : माझ्या पत्नीचे माहेर गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेले. दिवाळी आली की ती गप्प होते. तिला धरण दाखवायला न्यावे, असे मुलांचे म्हणणे आहे. न्यावे का? (एक वाचक, भंडारा जिल्हा)

उत्तर : आधी धरणावर नेऊ नका. आलेल्या पत्रांत हे पत्र मला सर्वांत जड गेले, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

वैनगंगेवरच्या या धरणाचे भूमिपूजन 1988 मध्ये तेव्हाचे पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाले, आणि त्यानंतर कितीतरी वर्षे पाण्याखाली जाणाऱ्या गावांतली माणसे ‘आज जायचे की उद्या’ अशा टांगणीवर राहिली. ज्या मुलींची लग्ने त्या काळात झाली, त्यांचे माहेर त्यांच्या पाठीमागे थोडे थोडे करून गेले : एखाद्या वर्षी भाऊ नव्या गावठाणात गेला, पुढे घराची कवेलू आणि लाकूडफाटा उतरवून नेला, आणि मग पाणी आले. निरोप घेण्याचा एक दिवस असा त्यांना मिळालाच नाही. अशा बाईला एकदम अथांग पाण्यासमोर उभे केले, तर तिने तिथे काय पाहावे?

तिला प्रथम नव्या गावठाणात न्या, आणि तेही मंडईच्या दिवशी. भाऊबीजेनंतर भंडारा-गोंदियाकडे गावोगाव मंडई, म्हणजे गावची जत्रा भरते, रात्री दंडार हे लोकनाट्य नाहीतर नाटक असते, सासरी गेलेल्या मुली आणि पाहुणे मुद्दाम त्या दिवशी येतात. गाव उठले तरी गावाने आपली मंडई आणि आपले देव बरोबर नेलेले असतात. जुन्या गावातल्या तिच्या मैत्रिणी वर्षातून एका जागी भेटण्याचा तोच दिवस आहे, आणि दिवाळीतली तिची उदासी मला वाटते याच दिवसांशी बांधलेली आहे.

त्या भेटीत एक काम करावे. मोठा कागद घ्यावा आणि तिला व तिच्या मैत्रिणींना जुन्या गावाचा नकाशा काढायला सांगावे. विहीर कुठे होती, पाटलाच्या वाड्यापासून नदीची वाट कशी उतरत होती, कोणाच्या अंगणात मोहाचे झाड होते, कोणत्या घराला दोन दारे होती, शाळेची घंटा कशाला टांगलेली होती. बायकांना गाव पाण्याच्या आणि सरपणाच्या वाटांनी ठाऊक असते, पुरुषांना शेतांच्या धुऱ्यांनी, म्हणजे बांधांनी. दोघांचे मिळून कागद भरेल. वादही होतील, ते होऊ द्यावेत. घराघरावर नावे घालावीत आणि त्या कागदाच्या प्रती काढून प्रत्येकीला द्याव्यात. मोजणीच्या नकाशात गट क्रमांक आहेत. ही नावे तिथे नाहीत.

हे झाल्यावर तिची इच्छा असेल तर पाणी पाहायला जावे, आणि त्यासाठी मी आंभोऱ्याचे नाव सुचवेन. तिथे वैनगंगेला इतर नद्या मिळतात, टेकडीवर चैतन्येश्वराचे जुने देऊळ आहे आणि अलीकडे झालेल्या उंच पुलावरून धरणाचे पाणी किती दूरवर पसरले आहे ते दिसते. देवळामुळे तिथे नमस्कार करता येतो, नदीची ओटी भरता येते. मुलांना पुलावर फोटो काढायचे असतील तर काढू द्यावेत, पण ‘आई, तुझे गाव कुठल्या बाजूला गं?’ हे विचारायची आठवण तुम्ही त्यांना आधीच देऊन ठेवावी.

प्रश्न : आम्ही दरवर्षी शेगावलाच जातो. शेजारी म्हणतात, याला फिरणे म्हणत नाहीत. आम्ही दुसरीकडे जावे का? (एक वाचक, अकोट तालुका)

उत्तर : मुळीच नाही. गजानन महाराजांनी 1910 मध्ये समाधी घेतली तेव्हापासून वऱ्हाडातल्या कित्येक घरांचा वर्षाचा हिशेब शेगावच्या वारीने लागतो, आणि मुलांच्या आठवणीत रांगेतली शिस्त, हात जोडून ‘माउली’ म्हणणारे सेवेकरी आणि स्टेशनावरची गरम कचोरी एकत्रच राहतात. फार तर एखाद्या वर्षी गर्दीचे दिवस टाळून जा आणि जवळच्या नागझरीला गोमाजी महाराजांच्या समाधीचे दर्शन घ्या.

प्रश्न : मी नववीत आहे. शाळेत ‘माझे आवडते ठिकाण’ असा निबंध लिहायचा आहे. मैत्रिणी चिखलदरा आणि ताडोबा लिहिणार आहेत. आम्ही कुठेच गेलो नाही. मला आमच्या गावचा तलाव आवडतो. आजोबा मला तिथे न्यायचे, आता ते अंथरुणावर आहेत. तलावावर लिहिले तर चालेल का? (एक विद्यार्थिनी, अर्जुनी मोरगाव तालुका)

उत्तर : तलावावरच लिही. तुझ्या तालुक्यातले नवेगावबांध पाहायला लोक नागपूर-मुंबईहून येतात, आणि तुझ्या गावचा तलाव त्याच घराण्यातला आहे. हे तलाव कोहळी समाजाच्या जाणत्या माणसांनी काही शतकांपूर्वी बांधले. नाल्याचे पाणी मातीच्या पाळीने अडवायचे, तुडुमातून, म्हणजे पाळीतल्या पाणी सोडायच्या दारातून, पाटात सोडायचे, पाटातून धानाच्या बांध्यांत न्यायचे, आणि जास्तीचे पाणी खालच्या गावच्या बोडीला, म्हणजे लहान तळ्याला मिळेल अशी तजवीज करायची. पुढे मालगुजारांकडे, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांकडे त्यांचा कारभार होता म्हणून त्यांना मालगुजारी तलाव म्हणतात. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे गेले.

ही माहिती निबंधात दोन-तीन वाक्यांत बसव, त्याहून जास्त नको. बाकी सगळे तू पाहिलेले असू दे : पाळीवर तू आणि आजोबा कुठे बसायचा, शिंगाडे काढणारी माणसे पाण्यात कशी फिरतात, थंडीत कोणते पक्षी येतात, बेशरमाची झुडपे कुठवर वाढली आहेत. सारस दिसला असेल तर ते ठळक लिही, कारण महाराष्ट्रात तो आता मुख्यतः तुमच्या गोंदिया जिल्ह्यातच उरला आहे.

लिहिण्यापूर्वी आजोबांच्या खाटेजवळ वही घेऊन बैस. तुडूम कोण उघडायचे, पाण्याची पाळी कशी ठरायची, भांडण झाले तर कोण मिटवायचे, कोणत्या वर्षी पाळ फुटायला आली होती आणि रात्री कोण कोण माती टाकायला धावले, हे त्यांना विचार. ते थकले तर उरलेले दुसऱ्या दिवशी विचार, घाई करू नको. त्यांनी वापरलेले शब्द बदलून पुस्तकी करू नकोस. शाळेत निबंध दिल्यावर त्याची एक प्रत आम्हालाही पाठव. गावाचे आणि तलावाचे नाव स्वच्छ अक्षरात लिही, आणि आजोबांची परवानगी असेल तर त्यांचेही.