माळकरी दादा तिर्रट खेळायलेत

मावशी, माझे वडील माळकरी. तीस वर्षं वारी चुकली नाही. चार वर्षांपासून त्यांना कंपवात आहे. दिवाळीत डॉक्टरांनी गोळी वाढवली, हात बराच थांबला. पण संक्रांतीपासून दादा गावाबाहेरच्या मळ्यात तिर्रट खेळायलेत. सोयाबीनचे ऐंशी हजार गेले. भाऊ त्यांच्याशी बोलत नाही. दादांनी गळ्यातली माळ स्वतःच काढून देवघरात खुंटीला अडकवली. आईचं तर लिहवत नाही, ती माझ्याकडं येऊन राहिली आहे. ह्या वयात माणूस असा कसा बिघडतो?
— एक लेक, औसा तालुका

लेकी,

पत्रासोबत गोळ्यांची चिठ्ठी जोडलीस, फार बरं केलंस. त्यावर प्रामिपेक्सोल लिहिलंय. मी डॉक्टर नाही, पण तुझ्या पत्रातली दिवाळी आणि संक्रांत शेजारी शेजारी ठेवून बघ. गोळी वाढली आणि दोन-तीन महिन्यांत पत्ते हातात आले.

कंपवातात मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन आटतं, पण सगळीकडं सारखं नाही. हालचाल सांभाळणारा भाग आधी कोरडा पडतो. हवंहवंसं वाटायला लावणारा भाग बराच काळ ओला असतो. डोपामिनचं काम करणारी ही गोळी मात्र दोन्हीकडं जाते. टेलच्या शेताला पाणी पोचावं म्हणून कॅनॉल भरून सोडला की हेडचं शेत चिबडतं, तसं हे. त्यातून प्रामिपेक्सोल डोपामिनच्या ज्या जागेवर जास्त घट्ट बसतं, ती जागा नेमकी ह्या हव्यासाच्या भागात दाट असते.

आता तिर्रटीचं. माणूस हरतो तेव्हा मेंदूतलं डोपामिन क्षणभर खाली येतं, आणि त्या घसरणीतून मेंदू शिकतो की इथं परत हात घालू नको. गोळीचा जोर सतत चालू असला की ती घसरण जाणवतच नाही. जिंकल्याचा आनंद पोचतो, हरल्याचा चटका बसत नाही. २००४ साली कंपवाताच्या रुग्णांवरच्या प्रयोगात हेच दिसलं होतं: औषध चालू असताना ते बक्षिसातून चांगलं शिकत, नुकसानीतून कमी. ऐंशी हजार गेल्यावर तरी शहाणे व्हायला पाहिजे होते, असं तुझा भाऊ म्हणत असेल. शहाणपण जिथून येतं तिथलीच तार ढिली झाली असेल तर?

अमेरिका-कॅनडातल्या ३,०९० रुग्णांची पाहणी २०१० मध्ये छापून आली. ह्या जातीची गोळी घेणाऱ्यांत शंभरात सतराजणांना जुगार, खरेदी, खाणं किंवा कामवासना ह्यातलं काहीतरी आवरत नव्हतं; न घेणाऱ्यांत सातजणांना. म्हणजे बहुतेकांना काहीच होत नाही, आणि दादांचं कारण हेच असेल असं मी छातीठोक सांगणार नाही. पण त्या यादीतली शेवटची गोष्ट वाचून तुला आईचं न लिहिलेलं वाक्य आठवलं असेल. तेही डॉक्टरांना सांगायचं. तुला जमत नसेल तर कागदावर लिहून दे. आणि दादा सावरेपर्यंत आई तुझ्याकडंच राहू दे, ‘लोक काय म्हणतील’ ते लोकांना म्हणू दे.

गोळी मात्र घरच्या घरी बंद करू नकोस. एकदम तोडली तर अंग आखडतं, जीव घाबरा होतो, मन पार खचतं. ती हळूहळू उतरवायची की बदलायची ते डॉक्टरच ठरवतील. डोस उतरला की बऱ्याच जणांचा नाद काही आठवड्यांत, काही महिन्यांत ओसरतो. हात थोडा जास्त थरथरेल, हा सौदा घरात आधी बोलून ठेवा. लातूरला जायला उशीर होणार असेल तर फोन करून आजच कळवा. जाताना गोळी कधी वाढली, खेळ कधी सुरू झाला, किती गेले, हे तारखांसह लिहून ने.

तोवर आडतीची पट्टी भावाच्या खात्यावर जमा करून घ्या, दादांच्या फोनमधलं पैशाचं ॲप काढा, उधार देणाऱ्याला स्पष्ट सांगून या. कर्ज झालं असेल तर ते फेडावंच लागेल, गोळीचं कारण तिथं चालत नाही.

भावाला हे वाचून दाखव. तो चिडेल, बापाला सोडवायला बाईनं औषधाचं निमित्त काढलं म्हणेल. त्याला एवढंच विचार की माळ कुणी काढली? भावकीनं नाही, बुवांनी नाही. हात आवरत नाही आणि माळ घालून पत्ते धरवत नाहीत, हे दादांना कळत होतं. ती खुंटीवरच राहू दे. त्यांच्या हातात कुणी देऊ नका, मागतील तेव्हा घेतील.

मन फार भरून आलं तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या मदतीचा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलता येतं. आईलाही लावून दे.

— मावशी