रोज दर्यापूरहून अमरावतीला मोटरसायकलने जातो. मनगट दुखतं, बोटं बधिर होतात. हँडल बदलू का?

नाही भाऊ, हँडलला इतक्यात हात लावू नका. आधी क्लच आणि ब्रेकचे लिव्हर थोडे खाली फिरवा. गॅरेजात हेच दुखणं घेऊन येणाऱ्या बहुतेक गाड्यांचे लिव्हर मला वर उचललेले दिसतात. त्यामुळे दर गिअरला मनगट मागे मोडतं आणि तिथली नस दाबली जाते. गाडी मेन स्टँडवर लावा, नेहमीसारखे बसा, लिव्हरवर दोन बोटं ठेवा: कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत हात एका सरळ रेषेत आला पाहिजे. लिव्हर हँडलला धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पचा बोल्ट (बहुतेक गाड्यांना १० नंबरचा पाना) थोडा ढिला करून तेवढंच फिरवा. पार कचकचून आवळू नका. गाडी पडली तर लिव्हर फिरायला हवा, तुटायला नको. क्लच लिव्हरच्या टोकाला १० ते १५ मिमी खेळ (ताण येण्याआधी लिव्हर मोकळा हलतो तेवढं अंतर) ठेवा; केबल सुकली असेल तर तेल सोडा, निम्मा त्रास तिथेच असतो. पांदणीतून शेतात जाताना मूठ घट्ट आवळायची सवयही सोडा.

एवढ्यानं भागलं नाही तरच हँडल जरासं मागे घ्या. मग मात्र हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहा, केबल ताणली जाऊन इंजिनाची रेस आपोआप वाढायला नको. डिस्क ब्रेक असेल तर हँडलवरची ब्रेकच्या तेलाची डबी फार कलू देऊ नका.

रात्री झोपेतही बोटं बधिर होत असतील तर तो नुसता गाडीचा दोष नसेल, डॉक्टरांना दाखवा.