अनेक वर्षे उत्तर नाही, तरी तीच प्रार्थना करीत राहावे का?
एकच मागणे वर्षानुवर्षे मागत राहणे हा अविश्वास ठरतो का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते नाही. बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायात येशूने सांगितलेल्या दाखल्यातील विधवा अन्यायी न्यायाधीशाकडे पुन्हा पुन्हा जाते आणि अखेर तो त्रासून का होईना न्याय करतो. परंतु देव त्याच्यासारखा आहे असा याचा अर्थ नसून, असा मनुष्यही ऐकतो तर देव किती अधिक ऐकेल, असा तो युक्तिवाद आहे (प्रवचनांत हे पुष्कळदा निसटते). आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीतील प्रेषित पौल याने मात्र ‘शरीरातील काटा’ (त्याला सतत छळणारी एक व्यथा) निघावा म्हणून देवाला तीनदा विनवणी केली, तरी काटा राहिला आणि कृपा मिळाली. शब्द सुचत नसतील त्या दिवशी बायबलच्या स्तोत्रसंहितेतील 13वे स्तोत्र सावकाश वाचावे. त्याची सुरुवातच ‘किती काळ’ या तक्रारीने होते.