सवाईला हरिजींना पहिल्यांदा ऐकताना

पुण्याच्या सवाई गंधर्व संगीत महोत्सवात बासरीवादक हरिप्रसाद चौरसियांना ऐकायचं, तर भारतीय बैठकीचंच (जमिनीवर बसायचं) तिकीट काढ आणि लवकर जाऊन पुढची जागा धर. डिसेंबरात पुण्याची थंडी रात्री अंगात शिरते, शाल हवीच. जुनी रेकॉर्डिंग जरूर ऐकून जा, पण तिथे बसल्यावर तुलना करू नकोस. हरिप्रसादजींचा जन्म १९३८चा; या वयात दमसास पूर्वीसारखा कसा राहील? शिष्य सोबतीला असतात, लांब ताना (वेगवान स्वरमालिका) ते सांभाळतात. तू आलापीत, म्हणजे सुरुवातीच्या संथ स्वरविस्तारात, हरिजींचा एकेक स्वर कसा लागतो, तेवढंच कान देऊन ऐक. माझ्या मते खरं वैभव तिथेच आहे. (त्यांच्या गुरू, सुरबहारवादक अन्नपूर्णादेवींकडे शिकण्यासाठी त्यांनी उजवीकडची बासरी डावीकडे घेतली, तेही डोळे भरून बघ!) मोबाइल पिशवीत ठेव आणि वादन संपेपर्यंत जागचं उठू नकोस.